वंगण आणि विहीर

कल्याण सोडून कसाऱ्याच्या वाटेला लागलेली गाडी पहिल्यांदा थांबते ती शहाडला. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला मुरबाडचा रस्ता आणि जवळून वाहणारी उल्हास नदी, यांच्या बेचक्यातले हे गाव. शेजारच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ च्या ऑगस्टात त्या छावणीचे उल्हासनगर झाले. १९५६ च्या सुमारास सेंच्युरी रेयॉनचा कारखाना शहाडला उभा राहिला आणि भोंग्यावर घड्याळे लावणारी वस्ती वाढली. आज शहाडला उचललेले उल्हासचे पाणी टेमघरला शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदरपर्यंत जाते. एवढी मोठी तहान भागवणाऱ्या नदीच्या काठी राहून एका विहिरीची गोष्ट सांगायला बसणे थोडे विचित्रच. पण या लेखाचे मूळ विहिरीत आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करणे भाग आहे.

आमच्या वाडीत दहा फूट व्यासाची एक जुनी विहीर आहे. वरचे तीन-चार हात बांधीव, त्याखाली मुरूम आणि त्याखाली आपला नेहमीचा काळा पाषाण. घरोघर नळ आले तेव्हापासून ती पिण्याच्या कामातून निवृत्त झाली. धुणी, भांडी, झाडे, आणि नळ रुसला की सर्व काही, अशी तिची पेन्शनीतली कामे. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यानंतर तिच्या पाण्यावर रंग दिसू लागले. "पाण्याला मोरपीस फुटलंय," असे शेजारच्या आजी म्हणाल्या, आणि त्याहून नेमके वर्णन मला अद्याप सुचलेले नाही. वाडीच्या मागे मोटारी दुरुस्त करण्याचे एक दुकान होते. गाडीतून काढलेले जळके ऑईल मागच्या खड्ड्यात ओतायचे, असा तिथला परिपाठ. पुढे दुकान उठले, खड्ड्यावर भराव पडला, मोरपीस मात्र राहिले. रसायनशास्त्र शिकवण्यात मी उभा जन्म घालवलेला, म्हणून वाडीने मलाच विचारले, "मास्तर, हे तेल किती दिवसांत मरेल?"

"मरेल हो, वेळ लागतो," असे काहीसे मी पुटपुटलो. शिक्षकाला उत्तर येत नसले की तो असेच पुटपुटतो. वास्तविक प्रश्न किती चांगला होता! तेल 'जाईल' का, असे त्यांनी विचारले नव्हते. 'मरेल' का, असे विचारले होते. तेल मरते म्हणजे काय होते, ते मेले हे ओळखायचे कसे, आणि किती दिवसांत मेले हे मोजायचे कोणत्या मापाने, हे ठरवायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या खटाटोपाचा इतिहास पुढे दिला आहे. वाडीचे देणे मी या रूपाने फेडतो आहे, असे समजावे.

वंगण हा शब्द आपल्याकडे मोटारीबरोबर आलेला नाही. तो बैलगाडीचा आहे. लाकडी तुंब्यात लोखंडी आस फिरायचा, तेव्हा तो पेट घेऊ नये आणि गाडी गावभर ओरडत जाऊ नये म्हणून एरंडेलात भिजवलेला तागाचा बोळा त्यात सारायचा. गाडीखाली बांबूचा एक नळा टांगलेला असे, त्यात एरंडेल. मुरबाडकडून भाताच्या गाड्या कल्याणच्या बाजाराला येत, तेव्हा वाटेवर या वंगणाचे काळे थेंब पडत, आणि त्या थेंबांचे पुढे काय होते याची चिंता कोणी केली नाही. करण्याचे कारणही नव्हते. एरंडेल मातीत पडले की माती ते खाऊन टाकते. नरकचतुर्दशीच्या पहाटे महाराष्ट्रातल्या घराघरांतून किती तेल अंगावरून मोरीत आणि मोरीतून परसात जात असेल याचा हिशेब कोणी मांडला तर आकडा थक्क करणारा निघेल; तरी भाऊबिजेपर्यंत परसातल्या अळवाला त्याची आठवणही राहत नाही.

१८५४ साली आगगाडी कल्याणला आली, १८५५ साली तिचे रूळ शहाडवरून पुढे वाशिंदपर्यंत गेले. या गाड्यांच्या आसांना वंगण हवे होते, आणि बैलगाडीच्या मानाने हजार पटींनी हवे होते. विलायतेत त्या काळी चरबी आणि पामतेल यांचे मिश्रण आसाच्या पेटीत भरत. इथल्या उन्हात चरबी पाघळे, शिवाय ती हाताळण्याबद्दल माणसांच्या मनात किंतु असे. एरंडेल मात्र इथलेच, दाट, आणि उष्णतेतही आपला दाटपणा बऱ्यापैकी राखणारे. हिंदुस्थानातल्या रेल्वे कंपन्या एरंडेलाच्या बड्या गिऱ्हाईक झाल्या. म्हणजे मुरबाडच्या गाडीवानाचा बांबूचा नळा आणि इंजिनावरच्या माणसाची लांब चोचीची तेलदाणी यांत बराच काळ एकच वस्तू होती. मौज अशी की विमानाच्या शोधानंतरही हे एरंडेल मागे पडले नाही. पहिल्या महायुद्धातली कितीतरी विमाने एरंडेलावर उडाली, आणि १९०९ साली लंडनच्या वेकफील्ड कंपनीने आपल्या नव्या तेलाला जे 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच.

एरंडेलाला एक खोड होती. ते कुजते. उघडे राहिले की खवट होते, तापले की चिकट राळ धरते, यंत्राच्या बारीक नळ्या बुजवते. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हानियात ड्रेकने विहीर खणून दगडातले तेल काढले (विहीर हाच शब्द तिथेही, हे लक्षात ठेवावे), आसामात दिगबोईला १८८९ साली तेल लागले आणि १९०१ साली तिथे शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. या खनिज तेलाचा जड गाळ वंगण म्हणून वापरून पाहिला तेव्हा त्याचा मोठा गुण ध्यानात आला. ते कुजत नव्हते. जंतू त्याला सहसा तोंड लावत नव्हते, हवा त्याचे फारसे काही बिघडवू शकत नव्हती, आणि ते स्वस्त होते. १९५४ आणि १९५५ साली मुंबईत तुर्भ्याला दोन मोठे शुद्धीकरण कारखाने सुरू झाले, रस्त्यावर ट्रक वाढले, आणि एरंडेल औषधाच्या बाटलीत जाऊन बसले. पुढे तेलात जस्त, गंधक आणि स्फुरद यांची संयुगे मिसळू लागले, ती मुख्यतः झीज थांबावी आणि तेल आणखी टिकावे म्हणून. सारी शंभर वर्षे रसायनशास्त्रज्ञांची बुद्धी एका ध्यासाने राबली: न कुजणारे तेल करा. ते त्यांनी केले. आणि मग कोणीतरी विचारले, "मास्तर, हे तेल किती दिवसांत मरेल?"

खनिज तेल मुळीच मरत नाही असे मात्र नाही. हॉलंडातल्या झोंगेन नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने १९१३ साली दाखवून दिले की पेट्रोल, घासलेट आणि पॅराफिन तेल यांवर उपजीविका करणारे जंतू साध्या मातीत असतात. १९४६ साली अमेरिकेतल्या झोबेल यांनी तोवरची सर्व माहिती एका विस्तृत लेखात गोळा केली आणि असे तेलखाऊ जंतू जगात जवळजवळ सर्वत्र आहेत, हे स्पष्ट केले. जमिनीच्या पोटातून तेल लाखो वर्षे झिरपतच आले आहे. ते खाणारा कोणी निर्माण झाला नसता तर समुद्रावर एव्हाना साय धरली असती. तेव्हा प्रश्न खातात की नाही हा नसून किती वेगाने, हा आहे. आणि वेग म्हटला की मोजमाप आले.

सर्वांत जुने मोजमाप डोळ्यांचे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेतला आणि शहरातल्या विहिरींत त्या तापाचे डास वाढतात असा निष्कर्ष काढला. त्यावरून विहिरी बुजवण्याची मोहीम निघाली आणि शहरात पुष्कळ वादंग माजले. पारशी मंडळींनी आपल्या पवित्र विहिरींसाठी नेटाने भांडण केले. तो विषय निराळा. इथे सांगायचे ते एवढेच की डासांच्या अळ्या गुदमरून मराव्यात म्हणून डबक्यांवर आणि गटारांवर घासलेटासारखी तेले शिंपडण्याची पद्धत तेव्हा जगभर रूढ होती, आणि ती शिंपण दर आठवड्याला पुन्हा करावी लागे, कारण तवंग फाटून नाहीसा होई. तवंग नाहीसा होतो हे खरे, पण नाहीसा होणे म्हणजे मरणे नव्हे. काही तेल उडून जाते, काही गाळाला चिकटते, काही कडेच्या दगडात मुरते. मोरपीस ज्याला म्हणतो तो तवंग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा असतो, त्याहून पातळ झाला की रंग मावळतात आणि डोळा म्हणतो, गेले. वाडीतली निम्मी मंडळी "आता कमी झालंय" म्हणत होती ती याच मापाने.

दुसरे माप श्वासाचे. जंतू काहीही खाऊ लागले की पाण्यातला प्राणवायू वापरतात. तो किती वापरला हे कळले तर किती खाल्ले हे कळेल. १८८८ साली विंकलर या हंगेरीतल्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातला प्राणवायू मोजण्याची जी रीत सांगितली तिच्याइतकी देखणी रीत माझ्या पाहण्यात दुसरी नाही. बाटली काठोकाठ भरून, आत एकही बुडबुडा राहू न देता, त्यात मॅंगनीजचा क्षार आणि आयोडाइडयुक्त अल्कली घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो साका पांढरा राहतो. मग आम्ल घालून सुटलेले आयोडीन हायपोच्या द्रावाने मोजायचे. शेवटी पिष्टाच्या खळीचा निळा रंग एका थेंबासरशी उडतो. चाळीस वर्षे मी ही रीत मुलांना दाखवली, आणि तो निळा रंग उडाला की मागच्या बाकावरची मुलेदेखील मान वर करीत.

याच रीतीच्या आधारावर इंग्लंडात सांडपाण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ साली आपला प्रसिद्ध निकष घालून दिला: पाणी बाटलीत बंद करून ६५ अंश फॅरनहाइटवर पाच दिवस ठेवा आणि या काळात प्राणवायू किती खर्च झाला ते पाहा. पाचच दिवस का, तर इंग्लंडातल्या नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळते, असे सांगतात. खरे असो वा नसो, एका छोट्या थंड बेटाच्या नद्यांचा स्वभाव पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत कायदा होऊन बसला. आपल्याकडे भारतीय मानकाने १९९३ साली ही चाचणी २७ अंश सेल्सियसवर तीन दिवसांची केली. आपल्या उष्ण हवेत जंतू घाईने जेवतात, हे त्यांनी मान्य केले म्हणायचे. वंगणाच्या बाबतीत मात्र हे माप तोकडे पडते. तीन दिवसांत ते जेमतेम चाखले जाते, आणि पाण्यात विरघळत नसल्यामुळे बाटलीत कुठल्या तरी कोपऱ्यात चिकटून बसते.

तिसरे माप उच्छ्वासाचे. १९५० नंतरच्या दशकात नव्या तऱ्हेच्या धुलाई-पावडरींमुळे युरोप-अमेरिकेच्या नद्यांवर फेसाचे डोंगर चढू लागले, आणि कोणते रसायन निसर्गात किती विघटते हा प्रश्न प्रथमच घरोघर पोचला. त्या निमित्ताने १९७३ साली स्टर्म यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिची कल्पना आपल्या शाळेतल्या प्रयोगासारखीच. नळीतून चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, कारण उच्छ्वासात कर्बद्विप्राणिद वायू असतो. स्टर्म यांनी जंतूंना, म्हणजे सांडपाण्याच्या चिखलाला, तो पदार्थ खाऊ घातला आणि त्यांचा उच्छ्वास चुन्याऐवजी बेरियमच्या निवळीत पकडला. पदार्थात कर्ब किती होता हे ठाऊक असते. त्यातला किती वायुरूपाने बाहेर पडला हे मोजले की हिशेब पुरा. पुढे आंतरराष्ट्रीय नियमावलीत हिचा अंतर्भाव झाला, मुदत २८ दिवसांची ठरली, आणि साठ टक्के कर्ब वायू होऊन निघाला तर तो पदार्थ 'सहज विघटनशील' मानावा असे ठरले. शंभर टक्के का नाही? कारण खाल्लेल्यातले काही जंतूंच्या अंगी लागते. पगारातले सारेच पैसे वाण्याकडे जात नाहीत, थोडे पोरांच्या अंगावरही दिसतात.

वंगणासाठी खास म्हणून जी चाचणी निघाली तिचा जन्म मोटरबोटींमुळे झाला. बोटीच्या दोन-फेरी इंजिनात तेल पेट्रोलातच मिसळलेले असते आणि जळले-न-जळलेले थेट पाण्यात पडते. युरोपातल्या सरोवरांवर असे तेल वाढू लागले, तेव्हा तिथल्या इंधन-वंगणांच्या चाचण्या ठरवणाऱ्या मंडळाने १९८२ साली एक पद्धत पुढे आणली. जंतू घातलेल्या पाण्यात तेल टाकून बाटल्या २१ दिवस अंधारात हलवत ठेवायच्या, मग उरलेले तेल द्रावकाने काढून अवरक्त प्रकाशात मोजायचे. एरंडेलासारखी वनस्पतीची तेले या परीक्षेत शंभरातले नव्वद-पंचाण्णव गुण सहज मिळवीत. साधी खनिज तेले बहुधा वीस ते चाळीसच्या दरम्यान अडकत. म्हणजे ज्या दुर्गुणासाठी एरंडेलाला इंजिनावरून उतरवले, त्याच दुर्गुणासाठी त्याला सन्मानाने परत बोलावण्यात आले! अर्थात या परीक्षेतही मख्खी होती. तेलाच्या मूळ रेणूचा एक तुकडा मोडला तरी पट्टीवर ते 'गेले' असे दिसे. त्याचे शेवटपर्यंत वायू-पाणी झाले की नाही, हे कळत नसे. आणखी गंमत अशी, की तेल काढण्यासाठी जो द्रावक वापरीत, तो पृथ्वीवरच्या ओझोनच्या कवचाला भोके पाडणाऱ्या वर्गातला निघाला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याची उचलबांगडी ठरली आणि पाण्याचे रक्षण करणारी चाचणी आकाशाच्या रक्षणासाठी बदलावी लागली.

आपल्या कायद्याचे माप यांहून साधे आहे. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा केंद्राच्या पाच वर्षे आधी, १९६९ सालीच केला आणि १९७० साली मंडळ नेमले, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट. सांडपाण्यातल्या 'तेल व ग्रीस' यांची मर्यादा पुढे लिटरला १० मिलिग्रॅम ठरली. द्रावकाने तेल काढायचे, द्रावक उडवायचा, उरले ते तोलायचे. या तराजूला भज्यांचे तेल आणि ट्रकचे तेल यांत फरक दिसत नाही. एक आठवड्यात मातीला मिळणारे, दुसरे नातवंडांपर्यंत टिकणारे. दोघांचे वजन मात्र एक.

पण ही सारी मापे बाटलीतली आहेत, आणि आमचा प्रश्न विहिरीचा होता. बाटली हलवली जाते, तिच्यात हवा खेळते, जंतूंना नत्र आणि स्फुरद यांचा खुराक मिळतो. भूजलाला यांतले काय मिळते? मी एकदा पाटीवर हिशेब मांडला. एक लिटर ऑईल म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम. ते पुरते जाळायला, मग ते चुलीत जळो वा जंतूंच्या पोटात, सुमारे ३,००० ग्रॅम प्राणवायू लागतो. सत्तावीस अंशांच्या पाण्यात, हवेशी पुरते मिळून-मिसळून असले तरी, लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. भागाकार केला तर उत्तर येते पावणेचार लाख लिटर. आमच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तेव्हा ते २९,००० लिटरच्या आसपास भरते. म्हणजे एका लिटर ऑईलला संपवण्यासाठी अशा तेरा विहिरींतला सगळा प्राणवायू लागेल. खड्ड्यात किती लिटर गेले असतील, कोण जाणे. प्यायच्या पाण्यात खनिज तेल लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे २०१२ चे भारतीय मानक सांगते. त्या मापाने एक लिटर ऑईल साठ विहिरी बाद करण्याइतके होते. तेल पाण्यात असे समप्रमाणात मिसळत नाही हे खरे, पण ऐपतीचा अंदाज यावरून यावा.

मग प्राणवायू संपला की सारे थांबते काय? बराच काळ शास्त्रज्ञांची समजूत तशीच होती. वास्तविक प्राणवायूविना चालणाऱ्या जेवणावळीचा एक नामांकित दाखला आपल्याच माटुंग्याला होता. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी तिथे महारोग्यांसाठी आश्रम उभारला. (मराठी वाचकाला हे गृहस्थ दुसऱ्या कारणासाठी ठाऊक असायला हवेत: शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या साहाय्याने १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच.) त्या आश्रमाचा मैला बंद टाक्यांत कुजे, त्यातून दलदलीचा वायू, म्हणजे मिथेन, सुटे, आणि १८९७ साली तो धरून त्यावर इंजिन चालवले गेले. जगातल्या अशा आरंभीच्या प्रयोगांत माटुंग्याचे नाव आजही घेतात. तर बंद, अंधाऱ्या, निर्वात टाकीतही जंतू जेवतात, हे उघड्या डोळ्यांनी दिसत होते. पण तेच जंतू खनिज तेलही तसे खाऊ शकतील, यावर मात्र लोकांचा विश्वास बसेना. १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत, प्राणवायूचा लवलेश नसताना, तेलातल्या लांब साखळीच्या रेणूपासून मिथेन होताना दाखवला, तेव्हा तो वाद मिटला.

जमिनीतला पुरावा त्याआधीच साठत होता. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी नळ फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे उपसले, तरी सुमारे ४ लाख लिटर रेताड जमिनीत राहून खालच्या पाण्यावर तरंगत बसले. १९८३ पासून तिथल्या भूवैज्ञानिक खात्याने ती जागा जशीच्या तशी ठेवून अभ्यास चालवला आहे. बिऱ्हाड करून बसले म्हणा ना. त्यांना दिसले ते असे: प्राणवायू प्रथम संपतो. मग जंतू नत्राच्या क्षारांवर भागवतात, मग मॅंगनीज, मग लोखंडाचा गंज, मग गंधकाचे क्षार, आणि काहीच उरले नाही की मिथेन काढत बसतात. घरात गहू संपले की ज्वारी, ज्वारी संपली की नाचणी, तशातला प्रकार. दर पायरीला जेवण सावकाश होत जाते. विरघळणारा भाग फार दूर न जाता वाटेतच खाल्ला गेला, ही त्यातली दिलाशाची बाजू. पण चाळीस वर्षांनंतरही तेल तिथे आहे. अठ्ठावीस दिवसांच्या बाटलीने चाळीस वर्षांबद्दल काय सांगावे?

तेव्हा जमिनीतच मोजायचे, तर कसे? विहिरीतले तेल कमी झाले, ते खाल्ले गेले की वाहून गेले? यासाठी दोन युक्त्या निघाल्या. पहिली १९९७ साली ओरेगन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडली. ज्यात प्राणवायू वा नत्र किती हे ठाऊक आहे असे पाणी, ओळखीसाठी जंतू खात नाहीत असा एक क्षार घालून, विंधणीत सोडायचे आणि काही काळाने तेच परत ओढायचे. क्षार जितका कमी आला तितके पाणी वाहून गेले. प्राणवायू त्याहून जास्त कमी भरला, तर तेवढा जंतूंनी खर्च केला. दुसरी युक्ती त्याहून चतुर आहे. खनिज तेलात होपेन नावाचा एक हट्टी रेणू असतो, वंगणातही असतो. बाकीचे रेणू जंतू खात जातात, होपेनला सहसा हात लावत नाहीत. म्हणून उरलेल्या तेलात होपेनच्या मानाने इतर भाग किती घटला हे पाहिले, की किती खाल्ले ते कळते. वाहून गेले असते तर दोन्ही सारखेच घटले असते. अलास्कात १९८९ साली एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडले, त्या वेळच्या अभ्यासातून १९९४ साली ही मोजपट्टी पुढे आली. आणि हा होपेन मुळात आला कुठून? कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जंतूंच्या कातडीतून. आजचे जंतू किती जेवले याची साक्ष त्यांच्या पूर्वजांच्या सांगाड्याने द्यावी, अशी ही योजना आहे.

बेमिजीची रेती आणि शहाडचा पाषाण यांत फार अंतर आहे. रेतीत पाणी सारखे पसरते. आपल्या काळ्या दगडात ते चिरा-भेगांतून आणि वरच्या मुरमातून चालते. एका विहिरीला तेल आणि पन्नास पावलांवरच्या दुसरीला नाही, हे इथे सहज घडू शकते. दुसरा फरक पावसाचा. वैशाखात पाणी खोल जाते, आषाढात कठड्याशी येते. वर तरंगणारे तेल या चढउताराबरोबर मुरमाच्या प्रत्येक थराला चोपडले जाते आणि तिथे अडकून राहते. मग एका वर्षी दिसत नाही, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवते. मोरपीस मधूनच नाहीसे का होई, हे मला असे उशिरा उमगले. पण हाच पाऊस ताजा प्राणवायूही बरोबर आणतो, आणि चोपडलेल्या तेलाला पाणी ओसरल्यावर हवा लागते, हे तेल मरण्याच्या दृष्टीने चांगलेच. यांतले कुठले पारडे जड, हे शहाडपुरते सांगायचे तर मोजणी एका ज्येष्ठापासून दुसऱ्या ज्येष्ठापर्यंत आणि पुन्हा तिसऱ्यापर्यंत चालवायला हवी.

होपेन मोजण्याचे यंत्र माझ्यापाशी नाही. विंकलरच्या बाटल्या आहेत. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात विहिरीत हातभर पाणी उरले होते, तेव्हा दोरीला बाटली बांधून तळाजवळचे पाणी काढले, बुडबुडा न राहू देता बूच बसवले आणि ओट्यावर मॅंगनीजचा क्षार व आयोडाइड घातले. साका पांढराशुभ्र उतरला. वाडीतली पोरे जमली होती. त्यांना वाटले, पांढरे म्हणजे चांगले. ऑगस्टात, पाणी वर आल्यावर, पुन्हा बाटली सोडली. या वेळी साक्याला फिकट तपकिरी छटा होती, कोऱ्या चहात पाणी जास्त पडावे तशी. दोन्ही तारखा मी वहीत घातल्या आहेत. बाटल्या धुऊन फळीवर ठेवल्या आहेत, येत्या मेपर्यंत.